मारुती मंदिरच्या गजबजाटात, खिडकी उघडी ठेवून झोपता येईल असा ब्लॉक

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात भाड्याने जागा शोधणाऱ्यांसाठी, त्यातही ज्यांना दिवसा झोपावं लागतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी एका खासगी इस्पितळात नर्स आहे. महिन्यातला बराच काळ नाईट असते, रात्री आठला आत आणि सकाळी आठला बाहेर. हँडओव्हर देऊन, घरी येऊन, आंघोळ आणि चहा-पोळी उरकून पाठ टेकेपर्यंत साडेनऊ वाजतात. नेमकी तीच वेळ, जेव्हा साळवी स्टॉपपासून जयस्तंभापर्यंतचा अख्खा रस्ता हॉर्न वाजवत असतो. मुलांच्या रिक्षा, कॉलेजची पोरं, एसट्या, वर जाणारी शटरं, गॅसच्या टाक्या उतरवणारा टेम्पो, सगळं एकदम.

सध्या राहते तो ब्लॉक मुख्य रस्त्यापासून आत, दुसऱ्या ओळीतल्या जुन्या इमारतीत आहे. तळमजला आणि वर तीन मजले, त्यातला माझा दुसरा. एक बेडरूम, हॉल, किचन. लिफ्ट नाही. भाडं ९ हजार, डिपॉझिट ३० हजार. एक पूर्ण पावसाळा, गणपती, शिमगा आणि आंब्याचा सीझन इथे काढला आणि मग लिहायला बसले, कारण कोकणातल्या घराची परीक्षा जानेवारीत होत नाही. जानेवारीत इथे प्रत्येक घर चांगलंच असतं.

आधी माझी मागणी काय होती ते सांगते. मला फक्त शांत जागा नको होती, खिडकी उघडी असताना शांत राहणारी जागा हवी होती. घाटावर राहणाऱ्यांना यातला फरक चटकन कळत नाही. तिकडे आवाज आला तर खिडकी लावून घ्यायची, विषय संपला. आपल्याकडे मे महिन्यात खिडकी लावली तर दहा मिनिटांत उशी ओली होते, आणि पावसाळ्यात खोली आठवडाभर कोंडून ठेवली तर कपाटातल्या साड्यांना, चपलांना, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी धरते. एसी लावून दार-खिडक्या बंद करा, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. नर्सच्या पगारात दिवसभर एसी चालवणं परवडत नाही, आणि दमट हवेत बंद खोलीत रोज सात तास झोपून माझं नाकही चोंदलेलं राहायचं. म्हणून इथे कुणी “खिडक्या लावल्या की अगदी शांत” असं सांगितलं, तर ती जागा शांत नाही असंच मी समजते.

एजंटमार्फत पाहिलेला पहिला ब्लॉक मुख्य रस्त्यावरच होता. तिसरा मजला, नवीन टाइल्स, मोठी गॅलरी, भरपूर वारा, भाडं ११ हजार. एजंटने दुपारी दोनला बोलावलं होतं. आता रत्नागिरीतला बाजार दुपारी एक ते चार जेवून झोपतो हे इथे वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. गॅलरीत उभं राहून एजंट म्हणाले, “बघा मॅडम, किती शांत आहे. आणि इस्पितळ जवळ, म्हणजे सायलेन्स झोन.” मी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर सकाळी साडेनऊला एकटीच त्या इमारतीच्या जिन्यात जाऊन बसले. फोनवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर आकडा ६८ ते ७० डेसिबलच्या खाली येईना. हे ॲप म्हणजे काही प्रमाणित यंत्र नव्हे, पण एकाच फोनने दोन जागा मोजल्या की कुठली जागा किती बरी ते नक्की समजतं.

सायलेन्स झोनचंही सांगते, कारण आमच्या इस्पितळाच्या गेटवर तो फलक आहे आणि त्यावर काय असतं ते मला पाठ आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती सरकारने जाहीर केलेल्या, किमान १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५०, रात्री ४०. कागदावर उत्तम. पण इस्पितळाजवळच ॲम्ब्युलन्स येतात, नातेवाइकांच्या मोटारसायकली उभ्या राहतात, औषधांच्या दुकानांसमोर रिक्षा थांबतात. शिवाय कायद्यातली रात्र दहाला सुरू होते आणि सकाळी सहाला संपते. नाईट करणारी नर्स, पहाटे परतलेला एसटीचा ड्रायव्हर, कंपनीतला शिफ्टवाला, यांची झोप त्या रात्रीत बसतच नाही. आम्हाला नियमांचा आधार नाही, म्हणून आम्हाला इमारतच नीट निवडावी लागते.

शहराबाहेर जा, असंही सांगून झालं. कुवारबावला जागा मिळत होती, पण तिथे हायवेच्या ट्रकचे गिअर रात्रंदिवस ऐकू येतात, आणि जुलैच्या पावसात रात्री साडेसातला स्कूटी घेऊन निघायचं म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. मांडवीच्या बाजूला एक खोली फार आवडली होती. समुद्राच्या गाजेने झोप मोडत नाही, उलट लागते. पण पावसाळ्यात तिकडून येणारा वारा खिडकी उघडी ठेवू देत नाही, पाणी थेट अंथरुणावर येतं. खाऱ्या हवेने तिथल्या खिडकीचे गजही गंजून फुगले होते. मग पुन्हा मारुती मंदिरच, इस्पितळापासून चालत अंतरावर.

वरच्या मजल्यांबद्दल एक इशारा देते. वर आवाज कमी असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडे बहुतेक इमारतींच्या गच्चीवर गळती थांबवायला पत्र्याची शेड घातलेली असते. वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात ती लागतेच. त्या पत्र्यावर आषाढातली सर कोसळली की सर्वांत वरच्या मजल्यावर शेजारी बसलेल्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं. पाऊस एकवेळ सोसेन, त्याला निदान सूर असतो. वानरांची टोळी पत्र्यावर उतरली की मात्र माणूस दचकून उठून बसतो. आणि ती येतात बरोब्बर सकाळी दहा-अकराला. त्यामुळे माझ्या डोक्यावर एक मजला असावा हे मी ठरवूनच टाकलं.

शेवटी जागा मिळाली ती आमच्या वॉर्डातल्या मावशींमुळे. त्या त्याच इमारतीत दोन घरी पोळ्या करायला जातात. म्हणाल्या, “सिस्टर, तिथे मागच्या खोलीत गेलं की रस्ता आहे हेच कळत नाही. एकदा येऊन झोपून तर बघा.” मालक काका डोंबिवलीला असतात, गणपतीला आणि मे महिन्यात येतात. त्यांनी किल्ली तळमजल्यावरच्या आजींकडे ठेवलेली. मी काकांना फोन करून सरळ विचारलं की नाईटवरून आल्यावर रिकाम्या ब्लॉकमध्ये दोन तास पडू का. ते म्हणाले, “अहो, खुशाल पडा. चटई आजींकडून घ्या.” सकाळी पावणेदहाला बेडरूमची खिडकी सताड उघडी ठेवून चटईवर आडवी झाले. ॲपवर आकडा ४०-४२. आजींनी दार वाजवून उठवलं तेव्हा दीड वाजला होता.

हा ब्लॉक एवढा शांत का, याचा मी नंतर बारकाईने विचार केला, कारण दुसऱ्या कुणालाही जागा निवडताना तो उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे पुढची इमारत. आमच्या आणि मुख्य रस्त्याच्या मध्ये चार मजली दुकानांची इमारत आडवी उभी आहे. वाहत्या रस्त्याचा आवाज नुसतं लांब जाऊन फारसा उतरत नाही. अंतर दुप्पट केलं तरी जेमतेम ३ डेसिबलने कमी होतो. मध्ये भक्कम आडोसा असेल तर मात्र एकदम फरक पडतो. म्हणून रस्त्यापासून किती आत, यापेक्षा मध्ये काय उभं आहे ते पाहा. मोकळं मैदान मध्ये असलेली लांबची इमारत मी पाहिली होती, तिथे आवाज सरळ चालत येत होता.

दुसरं, भिंती. इमारत चिऱ्याची आहे, आपल्या लाल जांभ्याची. जड भिंतीतून आवाज कमी जातो, आणि हल्ली पोकळ सिमेंट ब्लॉकच्या पातळ भिंती घालतात त्यांच्याशी याची तुलनाच नको. शेजारच्या ब्लॉकमध्ये दोन लहान मुलं आहेत. जिन्यात ती समोर येईपर्यंत मला त्यांचा पत्ता नव्हता.

तिसरं आणि सर्वांत मोलाचं, बेडरूमची दिशा. खिडकी पूर्वेला, मागच्या कंपाउंडकडे उघडते. तिथे एक विहीर, दोन फणस आणि काही जुनी कलमं आहेत. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्या जूनपासून बंद ठेवाव्या लागतात. पूर्वेची खिडकी मी अख्ख्या पावसाळ्यात रात्री-दिवसा उघडी ठेवली. वर चांगला रुंद छज्जा आहे, त्यामुळे तिरकी सर आली तरी फक्त कठडा ओला व्हायचा. खिडकीही जुनी, सागवानी, दोन दारांची. ती पूर्ण उघडते आणि लावली तर घट्ट बसते. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी सहसा अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही आणि बंद केली तरी खालच्या खाचेतून वारा, पाणी, आवाज तिन्ही आत घेते. काका ही काढून स्लायडिंग बसवणार होते. मी हात जोडून सांगितलं, रंग माझ्या खर्चाने देते पण ही काढू नका. त्यांनी ऐकलं.

आता त्रास. चटईवर झोपून पाहिलं तेव्हा पाण्याचा पंप चालू नव्हता. तो नेमका माझ्या बेडरूमच्या खाली, जिन्यालगतच्या खोलीत होता. पालिकेचं पाणी सकाळी येतं, खालची टाकी भरली की दहाच्या सुमारास पंप सुरू होतो. आवाज कानाला मोठा नव्हता, पण तो पाइपातून भिंतीत आणि भिंतीतून खाटेत यायचा. डोळे मिटले की दातांत घुमायचा. सोसायटीचं काम पाहणारे भाऊ समजूतदार आहेत. मी त्यांना वर बोलावलं, भिंतीवर हात ठेवायला सांगितला. दुसऱ्याच आठवड्यात प्लंबर आला. पंप थेट काँक्रीटवर बोल्टने आवळलेला होता. त्याच्याखाली जाड रबराचे तुकडे घातले, पंप आणि उभ्या पाइपाच्या मध्ये हातभर लांबीचा जाड रबरी होज जोडला, पाइप भिंतीला जिथे टेकत होता तिथल्या क्लॅम्पमध्येही रबर भरलं. भिंतीतली घरघर गेली. आता पंप सुरू झालेला मला फक्त जागी असले तर कळतो. हा खर्च सोसायटीने केला, माझ्याकडे मागितला नाही. जागा पाहताना पंप कुठे आहे आणि कधी लावतात हे आवर्जून विचारा. कुणी आपणहून सांगत नाही.

माणसांचं म्हणाल तर या इमारतीला पैकीच्या पैकी. पहिल्या महिन्यात आजी मला जिन्यात अडवून म्हणाल्या, “रात्री जातेस, सकाळी येतेस, तू झोपतेस तरी कधी गो?” मी सांगितलं. तेव्हापासून मासेवाली मामी आमच्या आवारात आली की “बांगडेऽऽ, कोलंबीऽऽ” ही हाळी गेटाबाहेरच संपते. माझ्या वाटणीचे मासे आजी घेऊन ठेवतात, मी संध्याकाळी उठले की त्यांच्या फ्रिजमधून आणते आणि पैसे देते. मी कधी कुणाला आवाज करू नका म्हटलेलं नाही, आजींनी सगळ्यांना काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. कुरियरवाला खालीच पार्सल देतो, इस्त्रीवाला बेल दाबत नाही.

आंब्याचा सीझन मात्र सोपा नाही. तळमजल्यावरच्या दुसऱ्या कुटुंबाची गावाकडे बाग आहे आणि एप्रिल-मे मध्ये मागच्या आवारात आंबे येतात, पेट्या भरल्या जातात. लाकडी पेटीला खिळे ठोकायचा आवाज छातीत बसतो. ते लोक माझ्यासाठी पेट्या भरायचं काम दुपारी तीननंतर करायचे, पण माल मुंबईला त्याच दिवशी जायचा असेल तर सकाळीही ठोकाठोक व्हायची. त्यांचं वर्षाचं पोट त्या दोन महिन्यांवर आहे. त्या दिवसांत मी मऊ फोमचे इअरप्लग घालते, आणि ते नीट घालायची पद्धत आहे. बोटांनी पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवायचा, आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानात कोंबला तर काही उपयोग नाही.

शिमग्यातले भैरीच्या पालखीचे ढोल आणि गणपतीतल्या आरत्या मी त्रासात धरत नाही. त्या दिवसांत झोप कमी झाली तरी मी खाली जाऊन उभी राहते.

उणिवा आहेत. किचन पश्चिमेला असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये त्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात आणि डाळी-पिठं हवाबंद डब्यांतच ठेवावी लागतात. किचनमध्ये उजेड कमी, दिवसाही दिवा लागतो. चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे बेडरूममध्ये मोबाइलला रेंज जेमतेम येते. मला झोपेसाठी ते बरंच आहे, पण इस्पितळातून तातडीचा फोन येऊ शकतो म्हणून मी फोन हॉलच्या खिडकीत रिंग मोठी करून ठेवते. घरातून ऑनलाइन काम करणाऱ्यांनी वेगळी इंटरनेट लाइन घेतल्याशिवाय इथे येऊ नये. हॉल रस्त्याच्या बाजूला आहे आणि तो शांत नाही, संध्याकाळी टीव्ही मोठा करावा लागतो. गाडी लावायला जागा फक्त दुचाकीपुरती. उन्हाळ्याच्या शेवटी शीळ धरण खाली गेलं आणि पालिकेने पाणी कमी केलं, तर विहिरीचं पाणी वापराला मिळतं, प्यायचं मात्र जपून ठेवावं लागतं.

कागदपत्रांत काकांनी कुठलीही टाळाटाळ केली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची असते. तरी कितीतरी ठिकाणी “स्टँपपेपरवर सही करू, पुढचं पुढे” हेच ऐकलं होतं. काकांनी डोंबिवलीत बसून आणि मी इथे, असा ऑनलाइन करार झाला. पोलिसांकडची भाडेकरूची नोंदही त्यांनीच करवून घेतली. एजंट मध्ये नसल्यामुळे महिन्याच्या भाड्याएवढी दलालीही वाचली.

पहिल्या मजल्यावरचा, माझ्या बरोब्बर खालचा ब्लॉक दिवाळीनंतर रिकामा होतोय. बेडरूम त्याच दिशेला आहे, फक्त पंप एक मजला जवळ पडतो. तेवढं सकाळी दहाला येऊन, भिंतीला हात लावून पाहा. काकांना कुणी नाईट करणारं भाडेकरू मिळालं तर हवंच आहे, कारण अशी माणसं दिवसभर आवाज करत नाहीत असं ते म्हणतात. ज्यांना रात्री दहानंतर मित्र जमवून बसायचं आहे त्यांनी हा ब्लॉक घेऊ नये. वर मी असते, आणि महिन्यातले काही दिवस माझीही दिवसपाळी असते.